आठ ग्लास पाणी आणि मागची खोली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सत्तावन्न जणांचे मालक सन्माननीय प्रभुलिंगअण्णा, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती वंदनीय शांतम्मा अक्का, ‘संकल्प आणि सिद्धी’ या विषयावर मघाशी पाऊण तास आपल्याला जागं ठेवण्याची ज्यांनी पराकाष्ठा केली ते पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे, या मंगल कार्यालयाच्या नवरीसाठीच्या लाल खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती मुक्ताबाई, विणकाम, शिलाई आणि घडी खात्यातले माझे सहकारी, आणि भाजीला फोडणी पडल्यापासून माझ्याकडे न बघता भटारखान्याकडे बघणारे तमाम बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. संयोजकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यात दोन सूचना आहेत. एक, भाषण पाच मिनिटांत आटपावं. दोन, खोलीचा विषय काढू नये. पहिली सूचना पाळायचा मी मनापासून प्रयत्न करणार आहे.

पाहुणे साहेब, आपण आमच्या कारखान्याच्या कार्यक्रमाला आज पहिल्यांदाच आलात, म्हणून थोडं मागचं सांगतो. माझं नाव रत्नदीप. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, तिथं मी डिझाइन करतो. टॉवेलच्या काठावर मोर, कमळ, लग्नातल्या आहेराची नावं, जे म्हणाल ते विणून देतो. पूर्वी पुठ्ठ्यांना भोकं पाडून करायचो, आता कॉम्प्युटरवर करतो. बारा वर्षांपूर्वी आमचे मालक आपल्यासारख्याच एका पाहुण्यांच्या शिबिराला महाबळेश्वरला गेले होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, स्ट्रॉबेरी आणि एक कल्पना. स्ट्रॉबेरी त्याच दिवशी संपली. कल्पना अशी होती की प्रत्येक कामगारानं नव्या वर्षाचा एक संकल्प करायचा, आणि तो त्याच्या नावानिशी एका नॅपकिनवर विणून त्याला द्यायचा. म्हणजे माणूस वर्षभर तोंड पुसेल तेव्हा तेव्हा संकल्प त्याच्या डोळ्यांसमोर येईल.

कल्पना थोर आहे. तोंड पुसल्यावर माणूस किती सुधारतो, हे मी बारा वर्षं जवळून बघतोय.

आमचे सतीश फिटर समोरच बसले आहेत. त्यांच्या नॅपकिनवर बारा वर्षं एकच ओळ आहे, ‘यंदा तंबाखू सोडली.’ ते तंबाखूची पुडी त्याच नॅपकिनात बांधून ठेवतात, त्यामुळे बारा वर्षांत त्यांची पुडी एकदाही हरवलेली नाही. गेटवरचे बिरदेव यांचा संकल्प ‘कुणावर रागावणार नाही’ असा आहे. उशिरा येणाऱ्याला ते हाच नॅपकिन झटकून हाकलतात. सिद्धनाथचा संकल्प पहाटे पाचला उठून सिद्धेश्वर तलावाला फेरी मारण्याचा. पहाटे पाचला माशा फार असतात म्हणून तो हा नॅपकिन तोंडावर घेऊन झोपतो. माझा स्वतःचा संकल्प ‘दिवसाला दोनच चहा’. टेबलावर चहा सांडला की मी त्याच नॅपकिननं पुसतो, आणि पुसताना माझ्या लक्षात येतं की हा पाचवा होता. हसू नका, तुमचेही सगळे संकल्प माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत.

पाहुणे म्हणाले की दर वर्षी स्वतःला नव्यानं घडवा. माझ्यापुरतं सांगतो, मी डिसेंबरच्या शेवटी जुनी फाइल उघडतो आणि फक्त साल बदलतो. मालक धरून अठ्ठावन्न माणसं नव्यानं घडवायला मला वीस मिनिटं लागतात.

या अठ्ठावन्न नॅपकिनांचा एक सलग तागा निघतो. तो शिलाई खात्यात जातो. तिथं तो कापतात, कडा शिवतात, तपासतात आणि प्रत्येक नगावर पासचा शिक्का मारतात. हा शिक्का सव्वीस वर्षं मुक्ताबाईंच्या हातात आहे. त्यांच्याबद्दल वेगळं काय सांगू? एक धागा सुटलेला असला तर बोट फिरवून त्यांना कळतो. अर्धा इंच कमी भरलेला टॉवेल मालकांच्या मेहुण्यांचा असला तरी त्यांनी परत पाठवलेला आहे. मीसुद्धा त्यांच्या टेबलासमोर नापास मुलासारखा उभा राहिलेलो आहे.

आणि या बाईंचा संकल्प काय होता? ‘रोज आठ ग्लास पाणी पिणार.’

त्यांना मूतखड्याचा त्रास होता. डॉक्टरांनी सांगितलं, औषधापेक्षा पाणी प्या. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, शेजारी मागांचा खडखडाट आणि गरम हवा. अशा ठिकाणी पाणी पिण्याचा संकल्प करावा लागतो, याचंच मला हसू यायचं. आणि तो संकल्पही दर वर्षी मोडायचा. पाण्याची बाटली सकाळी भरून आणायच्या आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी न्यायच्या. मघाशी पाहुण्यांनी सांगितलं की संकल्प मोडतो तो इच्छाशक्ती कमी पडल्यामुळे. साहेब, माझंही अगदी हेच मत होतं. दोन हजार एकोणीसच्या स्नेहसंमेलनात मी असाच माइकसमोर उभा होतो आणि म्हणालो होतो, ‘तंबाखू सोडायला कष्ट पडतात हे समजू शकतो, पण आमच्या मुक्ताबाईंना पाणीसुद्धा जड जातं.’ सभागृह पोट धरून हसलं. मागच्या ओळीत शिलाई खात्यातल्या बावीस-तेवीस बायका बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना विनोद कळला नाही.

आता मालकांचा संकल्प. मालक, आपली परवानगी गृहीत धरतो. ताग्यातला पहिला नॅपकिन प्रथेप्रमाणे मालकांचा असतो, आणि त्यावर पहिल्या वर्षापासून एक ओळ होती, ‘महिलांसाठी स्वच्छतागृह लवकरच बांधणार.’ सुंदर ओळ आहे. वळणदार अक्षरांत, दोन्ही बाजूंना कमळ घालून ती मी नऊ वर्षं विणली. साल बदलत गेलं. कमळही मी एकदा बदललं. ‘लवकरच’ मात्र कधी बदलावं लागलं नाही.

पाहुण्यांना प्रश्न पडला असेल की मग तोवर बायका जात कुठं होत्या? साहेब, हा प्रश्न आम्हा पुरुषांना नऊ वर्षं पडला नाही. आमच्यासाठी गेटजवळ सोय आहे, आणि नसती तरी भिंत आहे. बायका पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमधल्या बाभळीत दोघी-दोघींनी जायच्या. पुढं त्या प्लॉटला कंपाउंड पडलं. त्यानंतर त्या सकाळी घरून जाऊन यायच्या, ते पुन्हा थेट संध्याकाळी घरीच. आठ तास, आणि ओव्हरटाइम असला तर अकरा. मग पाण्याची बाटली भरलेली का राहायची, हे आता मी फोड करून सांगायला हवं का? मला मात्र ते कळायला एक चूक व्हावी लागली. ती चूक माझीच होती.

दोन हजार बावीसचा डिसेंबर. मला चुलत बहिणीच्या लग्नाला नातेपुत्याला जायचं होतं आणि एसटी पकडायची घाई होती. घाईत दोन फाइली उघड्या राहिल्या आणि मजकूर अदलाबदल झाला. मालकांच्या नावाखाली आलं ‘रोज आठ ग्लास पाणी पिणार’, आणि मुक्ताबाईंच्या नावाखाली, कमळांसकट, ‘महिलांसाठी स्वच्छतागृह लवकरच बांधणार’. तागा विणून झाला, शिलाईला गेला, शिक्का बसला आणि मी लग्नात जिलब्या वाढत होतो.

एक जानेवारीला मालकांनी सगळ्यांसमोर आपला नॅपकिन उघडला. वाचला. गफलत माझ्या लक्षात आली आणि मी हळूच मागच्या ओळीत सरकलो. पण मालक मोठा माणूस. हा माझा नव्हे असं म्हणायचं तर आपला कुठला तेही सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, ‘व्हय, यंदा तब्येतीकडं बघायचं ठरवलंय.’ आणि मालकांनी तो संकल्प पाळला, हे मी या व्यासपीठावरून अभिमानानं सांगतो. केबिनमध्ये खुणा केलेली काचेची बाटली आली. सातवा ग्लास झाला की ते मॅनेजरला हाक मारून सांगायचे. गुढीपाडव्याच्या पूजेला त्यांनी आम्हाला इच्छाशक्तीवर वीस मिनिटं मार्गदर्शनही केलं. केबिनला लागूनच स्वतंत्र सोय आहे, पांढऱ्या फरशीची, आरशासकट. पण तिचा इच्छाशक्तीशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

इकडं मी मुक्ताबाईंकडं गेलो. म्हटलं, “मावशी, चूक झाली. मालकांचं तुमच्याकडं आलंय. द्या, बदलून देतो.”

त्यांनी नॅपकिन दिला नाही. म्हणाल्या, “हेच्यावर नाव कुणाचं हाय?”

“तुमचं.”

“मग माजं हाय. लई वरसं मालकाच्या नावावर पडून हुतं. आता माज्याकडं आलंय तर बगते की.” मग काठावर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यातलं लवकरच तेवढं कशाला घातलंस रं?”

दुसऱ्याच दिवशी त्या तो नॅपकिन घेऊन केबिनमध्ये गेल्या. मी डिझाइन दाखवायला तिथंच उभा होतो. त्या म्हणाल्या, “मालक, माजा संकल्प हाय. भंगारातलं पत्रं आन् जुन्या मागांचं अँगल घेऊ का?” मालकांनी नॅपकिनकडं बघितलं नाही, त्यांचा चौथा ग्लास चालू होता. पण त्यांनी जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, “घ्या की. संकल्पाला आडवं येणारा मी न्हाय.”

त्यानंतर तीन महिने जेवणाच्या सुट्टीत आणि साप्ताहिक सुट्टीला तेवीस बायका मागच्या भिंतीशी काम करत होत्या. भंगारातल्या मागांचे अँगल उभे केले. पत्रे ठोकले. सतीश फिटरनं पाण्याची लाइन ओढून दिली आणि शोषखड्डा घेतला. तंबाखू तोंडात होती, पण काम चोख केलं. दाराला आतून कडी बसवली, तेव्हा मुक्ताबाईंनी ती दहा वेळा लावून बघितली. कामाची तपासणी त्यांनीच केली. पहिलं दार अर्धा इंच तिरपं होतं, ते त्यांनी सतीशला परत काढायला लावलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोली उभी राहिली. चिठ्ठीत जिचा विषय काढू नये म्हटलंय, ती हीच खोली.

मग रीतीप्रमाणे उद्घाटन झालं. फीत मालकांनी कापली. दारावर संगमरवरी पाटी बसली, ‘आमच्या मालकांच्या संकल्पातून साकार.’ मुक्ताबाईंचं नाव पाटीवर नाही. पाटी लहान होती, त्यामुळे दगडाला दोष देता येणार नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगू की नको, असं मला वाटत होतं. अक्का, आपण रागावू नका. फीत कापून पुरुष मंडळी पेढ्यांकडं वळली तेव्हा शांतम्मा अक्का खोलीत डोकावल्या. बाहेर येऊन त्यांनी मुक्ताबाईंना कानडीत हळूच विचारलं, की इतकी वर्षं तुम्ही सगळ्या कुठं जात होता? मुक्ताबाई म्हणाल्या, “कुटंच न्हाय, अक्का.” अक्कांनी हातातला पेढा परत ताटात ठेवला. मी शेजारी उभा होतो. एकोणीस साली मागच्या ओळीतल्या बायका का हसल्या नव्हत्या, ते मला त्या क्षणी कळलं. मुक्ताबाई, तुमची माफी मी आजवर मागितली नव्हती. आज या सगळ्यांसमोर मागतो. विनोद त्या दिवशी मलाच कळला नव्हता.

त्या वर्षापासून मुक्ताबाईंना खडा पुन्हा झाला नाही. आत्ताही बघा, पाहुण्यांच्या भाषणात त्यांनी समोरची बाटली संपवली आणि माझ्या भाषणात दुसरी उघडली आहे. या मंगल कार्यालयात सोय आहे, हे त्या सकाळी आल्या आल्या बघून आल्या. बायका कुठंही गेल्या की आधी तेवढं बघून ठेवतात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी समजलं. माझ्या घरात बायको आणि दोन मुली आहेत, तरीही.

इथवर सगळं गोड झालं, आणि इथंच थांबलो असतो तर चिठ्ठीचा मान राहिला असता. पण सोमवारी सूचना फलकावर कागद लागला. नवे माग येत आहेत, त्यांच्या कंप्रेसरला जागा हवी. म्हणून एक जानेवारीला सकाळी मागची खोली काढण्यात येईल. जेसीबी सांगितलेला आहे. आणि शेवटी एक वाक्य, ‘महिलांसाठी पर्यायी व्यवस्था लवकरच करण्यात येईल.’

मालक, हा शब्द मला फलकावर दुरूनच ओळखू आला. नऊ वर्षं माझ्याच हातचा होता तो.

निरोपाला भेट काय द्यायची, हे विचारायला आम्ही मुक्ताबाईंकडं गेलो होतो. कुणी पैठणी म्हणालं, कुणी मिक्सर. त्या म्हणाल्या, “मला काय नको. मी आता घरी बसनार, मला कशाची अडचण न्हाय. पर त्या पोरी हितंच हायत. ती खोली तेवढी ऱ्हाऊ द्या.” आता शाल, श्रीफळ आणि मिक्सर टेबलावर मांडलेले आपण बघताच आहात. तेवढ्या तीन गोष्टी आमच्या हातात होत्या.

मागच्या आठवड्यात मी त्यांना एक गोष्ट विचारली. तीन वर्षं मनात होती. म्हटलं, “मावशी, बावीस सालचा तो तागा तुमच्याच हाताखालून गेला होता. अर्धा इंच चुकलेला टॉवेल तुम्ही सोडत नाही. मग मालकांच्या नावाखाली तुमचा संकल्प आला, तो तुम्हाला दिसला नाही?”

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, “दिसला हुता की. चष्मा नवा हुता माजा. म्हनलं, मालकाला पाणी पिऊ दे, आपुन संडास बांदू. दिला शिक्का मारून.”

सव्वीस वर्षांत लाखो टॉवेल तपासले असतील या बाईंनी. चूक दिसत असताना पास केलेले ते दोनच नग.

असो. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली, आणि भटारखान्याकडून आता खाणाखुणा होत आहेत. अध्यक्ष महाशयांनी मला बोलू दिलं, निदान मधे उठवलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पाहुण्यांनी वेळात वेळ काढला, अक्का अगत्यानं आल्या, मंडप आणि माइकवाल्यांनी साथ दिली, त्या सर्वांचे आभार मानतो. मुक्ताबाई, तुम्ही आम्हाला हव्या होतात. उद्या तुमच्या टेबलासमोरून जाताना मला कसंसंच होणार आहे, आणि ते मी कुठल्या चेष्टेखाली झाकणार नाही.

शेवटी चुकांची क्षमा मागायची रीत आहे. बहुतेक वक्ते कुठली चूक ते सांगत नाहीत, मी सांगतो. नव्या वर्षाच्या नॅपकिनांचं वाटप यंदा मुक्ताबाईंसाठी आजच ठेवलं आहे. गठ्ठे दाराशी आहेत, जाताना प्रत्येकानं आपला घेऊन जावा. मात्र माझ्याकडून ताग्यात पुन्हा गडबड झाली आहे. अठ्ठावन्न नावं बरोबर आली, पण त्यांच्याखाली संकल्प सगळ्यांना एकच आला. सतीशच्या तंबाखूच्या जागी तोच, बिरदेवच्या रागाच्या जागी तोच, आणि प्रथेप्रमाणे पहिला नॅपकिन मालकांचा, त्याच्यावरही दोन कमळांच्या मधोमध तोच, ‘मागची खोली मी पाडू देणार नाही.’ साल घालायचंही राहून गेलं, त्यामुळे तो पुढच्या वर्षी बदलायची सोय नाही. ‘लवकरच’ हा शब्द कुठंही आलेला नाही.

मालक, आपला नॅपकिन माझ्या हातात आहे. तो सगळ्यांसमोर स्वीकारावा, अशी आपल्याला विनंती आहे. संकल्पाला आडवं येणारे आपण नाही, हे मी आपल्याच तोंडून ऐकलेलं आहे.

चूक माझी आहे, पण नियमाप्रमाणे तागा काल दुपारी तपासणीला गेला होता. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नग पास होऊन आले. शिक्का मुक्ताबाईंचा आहे. जाता जाता त्यांच्या हातून सुटलेली ही दुसरी चूक सभागृहानं पदरात घ्यावी, एवढं मागून मी खाली बसतो.